दोन छोटे स्क्रू

फडकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. त्यांच्या खांद्यावर सदानकदा एक सुती फडकं असायचं, म्हणून आमच्या लॅबमध्ये कुणीतरी त्यांना फडकेराव म्हणायला लागलं, आणि ते नाव इतकं चिकटलं की खरं नाव पुकारलं तर ते स्वतःच दुसऱ्या कुणाकडे तरी बघायचे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. माझ्याकडे दाबाचे गेज, त्यांच्याकडे वीज. म्हणून मी गेजबाई. मला हे नाव मुळीच आवडत नाही, पण मला विचारतो कोण.

आमची लॅब म्हणजे मोजणाऱ्या वस्तूंना मोजण्याची जागा. कारखान्यांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले मीटर आमच्याकडे येतात. आम्ही ते आमच्याकडच्या प्रमाण मापाशी ताडून बघतो, चुकत असतील तर सुधारतो आणि सर्टिफिकेट देतो. लांबलचक खोली, खिडक्या कायम बंद, तापमान बाराही महिने एकच. बाहेर ऊन आहे की थंडी हे आम्हाला जेवणाच्या सुट्टीत कळतं. अशा खोलीत वर्षानुवर्षं बसलं की माणसं एकतर भांडकुदळ होतात नाहीतर विचित्र. मी भांडकुदळ झाले. फडकेराव विचित्र झाले.

त्यांचा जीव शंटवर होता. शंट दिसायला अगदीच सामान्य प्रकार आहे. पितळेचे दोन ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या खास मिश्रधातूच्या काही पट्ट्या. मोठा प्रवाह सरळ मीटरमधून सोडला तर मीटर जळून जाईल, म्हणून तो या पट्ट्यांतून जाऊ द्यायचा. तो जाताना पट्ट्यांच्या दोन टोकांमध्ये अगदी इवलासा विद्युतदाब तयार होतो. मीटर फक्त तेवढाच मोजतो आणि त्यावरून काटा सांगतो, इतके अँपिअर. ठोकळ्यांवर दोन मोठे बोल्ट असतात, त्यांतून खरा प्रवाह येतो-जातो. शिवाय दोन छोटे स्क्रू असतात, त्यांना मीटरच्या बारीक तारा लावलेल्या असतात. बघणाऱ्याला मोठे बोल्टच दिसतात, पण सगळी गोम असते ती त्या छोट्या स्क्रूंमध्ये. त्यांच्याखाली गंज धरला, मळ बसला, की मीटरपर्यंत पुरेसं काही पोचत नाही आणि काटा कमी दाखवतो. आत प्रवाह शंभराच्या वर असतो आणि काटा खुशाल ऐंशी म्हणत उभा राहतो.

म्हणून फडकेराव पुसायचे. शंट हातात आला की आधी दोन्ही छोटे स्क्रू काढायचे, बारीक पॉलिश पेपरने घासायचे, खांद्यावरच्या फडक्याने पुसायचे, परत लावायचे आणि आवळायचे. हे सगळं चालू असताना ते जगाशी गप्पा मारत असायचे, हाताकडे बघायचेसुद्धा नाहीत. पोरंटोरं मागून म्हणायची, यांचाच एक स्क्रू ढिला आहे. पण ढिला स्क्रू या माणसाला सहनच होत नसे. खुर्चीचा, खिडकीचा, माझ्या डब्याच्या कडीचा, दिसला की आवळलाच. एकदा मी चष्मा काढून डोळे चोळत होते, तेवढ्यात तो पुसून, दांड्या आवळून माझ्यापुढे ठेवला. आठवडाभर कानशिलं दुखत होती. मी त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं सांगायचं तर आमच्या कामाच्या नियमांत पहिलीच गोष्ट अशी आहे की वस्तू जशी आली तशीच आधी एकदा मोजायची, आणि मगच तिला हात लावायचा. भिंतीवर चौकटीत लावलेलंही आहे ते. पण आमच्याकडे ते कुणी पाळत नसे. आपला मीटर किती चुकत होता यात गिऱ्हाइकाला रस नसतो, त्याला तो बरोबर होऊन परत हवा असतो, तोही कालच. आमचे साहेब सरळ म्हणायचे, "पुसा, आवळा, मोजा, पाठवा." आम्ही तेच करत आलो. त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

फडकेरावांचा एक धाकटा भाऊ होता. त्याला सगळे धाकटाच म्हणायचे, त्याच्या बायकोला धाकटी. आई लवकर गेली, वडील कामानिमित्त कायम बाहेर, त्यामुळे धाकट्याला खरं म्हणजे फडकेरावांनीच मोठं केलं. पुढे दोघांची लग्नं झाली तरी एकाच घरात राहिले. घराच्या मधोमध एक दार, इकडे दोन खोल्या, तिकडे दोन. ते दार लावायचं असतं हेच त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मी जेवायला गेले की वहिनी, म्हणजे फडकेरावांची बायको, एकीकडे पोळ्या लाटायची आणि भाजी दुसरीकडून यायची. दोन्ही घरांत मूलबाळ नाही. धाकटी चेष्टेने म्हणायची, "आमच्या घरात एकच लेकरू आहे, आणि ते माझा नवरा."

हे लेकरू एका मोठ्या गोदामात कामाला होतं. माल हलवणाऱ्या छोट्या गाड्या असतात ना, बॅटरीवर चालणाऱ्या, त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या शेडमध्ये. नोकरी अर्थात फडकेरावांनीच लावून दिली. शेडमध्ये दोघंच. धाकटा प्रवाह सांभाळायचा आणि त्याचा जोडीदार बॅटऱ्यांत पाणी घालणं, झाकणं उघडणं, तारा लावणं हे बघायचा. हा जोडीदार सारखा काहीतरी गुणगुणायचा म्हणून त्याला गवई म्हणायचे. दोघांचं मेतकूट जमलं होतं. डबा एकत्र, चहा एकत्र, भांडणंसुद्धा एकत्र.

चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो. प्रवाह जास्त झाला तर ती तापते आणि वायू बेसुमार निघतो, मग एक ठिणगी पुरते. म्हणून ऐंशी अँपिअरच्या वर जायचं नाही असा तिथला नियम होता. धाकट्याने काट्याकडे बघत बघत हाताने चाक फिरवून प्रवाह ऐंशीवर धरायचा, एवढंच त्याचं काम.

एके दिवशी दुपारी गवई पाणी घालायला वाकला आणि बॅटऱ्यांची आख्खी रांग फुटली. गवई तिथेच गेला. धाकट्याचा एक कान आणि मान भाजली. तशाच अवस्थेत तो गवईला ओढून बाहेर आणत होता, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. सोडवायला दोघं लागले.

चौकशी बसली. छताजवळचा वायू बाहेर काढणारा पंखा चालू होता हे तिघांनी शपथेवर सांगितलं. फुटलेल्या बॅटऱ्यांच्या आतले पत्रे बघून तज्ज्ञांनी सांगितलं की प्रवाह बराच वेळ शंभराच्या पुष्कळ वर होता. धाकट्याचं एकच म्हणणं, काटा ऐंशीवर होता. गोदामाच्या कंपनीने तर त्याच्यावर बोट ठेवायला वेळच लावला नाही. लवकर सुटावं म्हणून यानेच चाक पुढे ढकललं, आणि आता अंगाशी आल्यावर मीटरवर ढकलतोय. हलगर्जीने माणूस मारल्याचा खटला उभा राहिला. आता सगळं त्या मीटरवर आलं होतं. मीटर कमी दाखवत असेल तर धाकटा सुटला. मीटर बरोबर असेल तर तो खोटा, आणि गवईच्या मरणाला तोच कारण. शेड जळाली तरी ज्या फळीवर मीटर आणि शंट बसवलेले होते ती फळी शाबूत राहिली होती. अधिकाऱ्यांनी ती जशीच्या तशी उतरवून सील केली आणि तपासायला पाठवली आमच्याकडे.

फडकेराव तडक साहेबांच्या खोलीत गेले. मी बाहेरून ऐकत होते, लपवायचं काय त्यात.

"साहेब, हा माझा सख्खा भाऊ आहे. मी हे काम करणं बरोबर नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दुसरा आहे कुठे?" साहेब म्हणाले. "विजेच्या टेबलावर तुम्ही एकटेच. गेजबाईंना देऊ?"

चौकशी अधिकाऱ्यांनाही फडकेरावांनी हेच सांगितलं. अधिकारी म्हणाले, मी स्वतः उभा राहतो, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहतील, लॅबमधला आणखी एक माणूस साक्षीला असू द्या, मग हरकत नाही. तो आणखी एक माणूस म्हणजे मी.

त्या सकाळी घरून निघताना फडकेराव वहिनीला म्हणाले होते, "आज कुणी बोट दाखवायला नको. भाऊ म्हणून काही इकडचं तिकडे केलं, असं कुणी म्हणता कामा नये." वहिनीने मला हे मागाहून सांगितलं. धाकटीने दारात त्यांना अडवलं. ती म्हणाली, "दादा, तो खोटं बोलत नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणून तर नीट मोजायचं."

अधिकाऱ्यांनी सील फोडलं. धुराने काळी झालेली फळी टेबलावर आली. कंपनीचे वकील हातांची घडी घालून उभे, धाकट्याचे वकील मोबाईलमध्ये. फडकेरावांनी आमचा प्रमाण शंट पेटीतून काढून ठेवला. पद्धत साधी असते. एकच प्रवाह दोन्ही शंटमधून एकामागून एक न्यायचा. आमचा शंट खरं सांगतो, तो किती म्हणतोय आणि दुसऱ्याचा काटा किती म्हणतोय हे जुळवून बघायचं. ते हे सगळं अधिकाऱ्यांना नीट समजावून सांगत होते. आवाज अगदी शांत. एकेक गोष्ट मोठ्याने बोलून करत होते, कुणाला शंका राहू नये म्हणून.

आणि बोलता बोलता त्यांच्या हातांनी काळ्या फळीवरच्या शंटचे दोन छोटे स्क्रू काढले. घासले. फडक्याने पुसले, ठोकळ्यांवरची जागाही पुसली, रोजच्यापेक्षा जास्तच नीट. परत लावले, आवळले. कुणी थांबवलं नाही. थांबवायला कळायला तर हवं. मी समोर होते, मी रोज हेच बघत आले होते. हात धुऊन जेवायला बसणाऱ्या माणसाला कुणी टोकतं का?

त्यांनी प्रवाह सोडला. थोडा वेळ जाऊ दिला, मग वाचायला सुरुवात केली. वीसला वीस. चाळीसला चाळीस. साठला साठ. ऐंशीला काटा ऐंशीच्या रेघेवर, केसाचाही फरक नाही. शंभरालाही तेच. अधिकारी लिहून घेत होते. कंपनीच्या वकिलांनी हातांची घडी सोडली आणि घड्याळ बघितलं.

फडकेरावांचा चेहरा पडला होता. त्यांनी प्रवाह बंद केला आणि हात पुसायला फडकं उचललं. तिथे ते थांबले. फडक्यावर दोन डाग होते, काळपट हिरवे, चांगले जाड. ॲसिडच्या वाफेत राहिलेल्या पितळेवर जसा थर चढतो तसे. ते फडक्याकडे बघत राहिले. मीही बघितलं. तो नुसता मळ नव्हता, धाकट्याची सुटका त्या डागांत होती.

"साहेब," फडकेराव अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे मी पुसायला नको होतं."

"काय पुसायला?"

त्यांनी सांगितलं. स्क्रूखाली थर होता, तो थर असताना काटा कमी दाखवत असणार, आधी तसंच मोजायला हवं होतं, नियम तसा आहे, आपण सवयीने पुसून टाकलं. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. सगळं सांगून झाल्यावर कंपनीचे वकील अगदी गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे मीटर बरोबर निघाल्यावर हे आठवलं तर."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने आकडे लिहिले आणि त्यांच्याखाली फडकेरावांचं म्हणणंही लिहिलं. खाली मी सही केली. फडकं पिशवीत घालून पुरावा म्हणून नेलं. कोर्टात ते फडकं दाखवलं तेव्हा तेच गोड वकील म्हणाले, "पुसायचं फडकं आहे महाराज, मळकंच असणार." लोक हसले. मी त्या बाकावर बसून मुठी आवळत होते. आजही तो माणूस रस्त्यात दिसला तर मी काय करीन याची मला खात्री नाही.

घरी गेल्यावर फडकेरावांनी धाकटीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे आपल्या खोलीत गेली आणि मधल्या दाराला तिकडून कडी लावली. वहिनी म्हणते, त्या दाराला कडी आहे हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर भाजी इकडे आली नाही.

फडकेराव मात्र स्वस्थ बसेनात. त्यांनी खांद्यावरचं फडकं सोडलं. नाव फडकेरावच राहिलं. त्यांनी तसलेच शंटचे ठोकळे मिळवले, तसलेच छोटे स्क्रू, आणि बॅटरीचं ॲसिड घालून बरण्यांत टांगून ठेवले. घराच्या गच्चीवर बरण्यांची रांग लागली. थर चढला की ते ठोकळे एखाद्या तान्ह्या बाळासारखे कापसात धरून लॅबमध्ये आणायचे, न पुसता, न हलवता, आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या प्रमाण शंटशी ताडून बघायचे. तसल्याच थराने काटा इतका खाली येऊ शकतो हे त्यांना दाखवायचं होतं. मी आकडे लिहून घ्यायची. माझा डबा त्या दिवसांत बहुतेक तसाच परत जायचा.

आकडे काही एका वाटेने येईनात. एका जोडीत काटा अगदी किंचित कमी, दुसरीत निम्म्याच्या जवळ, तिसरीत काहीच फरक नाही. तोच स्क्रू काढून परत लावला की आकडा बदलायचा. गंजाचं असंच असतं, तो कुणाला बांधलेला नसतो. एकदा बरोबर तेवढाच आकडा आला जेवढा धाकट्याला हवा होता. मी टाळी वाजवणार तेवढ्यात फडकेरावांनी परत मोजलं, आणि तो गेला.

"पहिलाच लिहा ना," मी म्हटलं. "आला होता की नाही?"

"दोन्ही लिहा," ते म्हणाले.

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो. पण खोटं कसं सांगू, मी दोन्ही लिहिले.

कोर्टाने निकालात म्हटलं की स्क्रूखालच्या थरामुळे काटा कमी दाखवू शकतो हे मान्य आहे, पण त्या दिवशी तसंच झालं होतं हे सिद्ध होत नाही. तपासणीत मीटर बरोबर निघाला आहे. कोर्टाचं चुकलं असं मला म्हणताच येत नाही, आणि याचाच जास्त संताप होतो. धाकटा तुरुंगात गेला.

एक वाट उरली होती. धाकट्याचे वकील, तेच मोबाईलवाले, निकालानंतर कुठून कोण जाणे जागे झाले. ते म्हणाले, तपासणीच लॅबच्या नियमाला सोडून झाली, हे लॅबच्याच माणसाने लेखी दिलं तर अपील उभं राहतं. तसं लिहून देणं म्हणजे फडकेरावांच्या नोकरीवर पाणी, आणि लॅबने आजवर दिलेल्या सगळ्याच सर्टिफिकेटांवर शंका. साहेबांनी त्यांना आत बोलावून पुष्कळ समजावलं, मग दमही दिला. फडकेरावांनी लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल रिकामं होतं. स्क्रूड्रायव्हर आकाराप्रमाणे ओळीने लावून, पुसून ठेवून गेले होते.

अपिलावर सही फक्त धाकट्याची हवी होती. फडकेराव मला म्हणाले, "तुम्ही चला. तुम्ही समोर होतात. माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून त्याला पटेल."

भेटीची खोली म्हणजे मधोमध जाळी आणि दोन्हीकडे बाकं. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता, त्याचा वास. धाकटा आला. निम्मा झाला होता. भाजलेल्या कानावरची कातडी चकचकीत झाली होती. मला बघून तो ओळखीचं हसला, वहिनीची चौकशी केली, धाकटीची केली. मग फडकेरावांनी अपिलाचं काढलं, तसं त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

"दादा, आधी माझं ऐक. मी इथे सारखं तेच आठवून बघत होतो. आधी मला काटा ऐंशीवरच दिसायचा. कोर्टात मी तेच सांगितलं, खोटं नाही सांगितलं. पण मग तू मीटर मोजलास आणि तो बरोबर निघाला. म्हणजे माझंच लक्ष नव्हतं. गवई काहीतरी म्हणत होता, मी हसत होतो, तेव्हाच चाक पुढे गेलं असणार. आता मला ते दिसतंसुद्धा. चाकावर माझा हात दिसतो."

"हात नव्हता तुझा," फडकेराव म्हणाले. "मीटर खोटा होता. मी पुसला म्हणून तो खरा झाला. मोजायच्या आधी मी पुसला, ऐकतोयस ना? माझ्या हाताने पुसला."

धाकट्याने मान हलवली, लहान मुलाची समजूत काढताना हलवतात तशी. "वकिलांनी सांगितलं मला. आणि तू असं म्हणणार हे मला माहीतच होतं. माझं सगळं तू स्वतःवर घेत आलायस. शाळेत काच मी फोडली तेव्हासुद्धा छड्या तूच खाल्ल्यास."

"अहो, मी तिथे उभी होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला, पहारेकरी बघायला लागला. "माझ्या डोळ्यांदेखत पुसलं त्यांनी. एवढे मोठे डाग होते फडक्यावर. तुमचा हात नव्हता चाकावर."

"बाई, तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढलीत," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठेही राग नव्हता. "त्यांच्यासाठी तुम्ही एवढं बोलणारच. सही नको मला, दादा. गवईच्या बायकोला मी निरोप पाठवला, माझ्याच हातून झालं म्हणून. तिने उलट निरोप पाठवला, की निदान आता तरी खरं बोललास. आता मी परत फिरू?"

फडकेरावांनी जाळीत बोटं घातली. धाकट्याने पलीकडून त्यांच्या बोटांवर हात ठेवला.

"तूच सांग दादा," तो म्हणाला, "तू मोजलेलं आजपर्यंत कधी चुकलंय का?"

फडकेरावांनी माझ्याकडे बघितलं. मी जिथेतिथे तोंड घालणारी बाई आहे, पण खोटं कसं सांगू? त्यांचं मोजमाप खरोखरच कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशीही चुकलं नव्हतं.